पिस्ता रंगाच्या जीपचं पासिंग

रविवार, ६ जानेवारी १९५७

या रोजनिशीच्या प्रकाशकांविरुद्ध माझी गंभीर तक्रार आहे. सोमवार ते शनिवार प्रत्येक दिवसाला त्यांनी एक अख्खं पान दिलं आहे. रविवारला मात्र अर्धं, आणि उरलेल्या अर्ध्यावर पाचक चूर्णाची जाहिरात. बातमीदाराच्या आयुष्यात सोमवारी काय घडतं? सभा. मंगळवारी काय? त्या सभेचा निषेध करणारी सभा. जे काही स्वतःचं असं घडायचं ते रविवारीच, आणि नेमकी तिथेच जागेची टंचाई. मी हे कालिंदीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुम्हांला अर्धं पुरतं. बाकीचं चूर्णाला राहू द्या, त्याचा लोकांना उपयोग तरी होतो." पत्नीचं मत मी नोंदवून ठेवतो, स्वीकारतोच असं नाही.

आज वरळीचा दौलत रणपिसे गिरगावात घरी आला होता. लालबागला एका लॉरी-गॅरेजात तो मिस्त्री आहे. युद्धात ब्रह्मदेशच्या सरहद्दीवर लष्कराच्या गाड्या दुरुस्त करायचा. परळला अखंड महाराष्ट्राच्या चळवळीची समिती आहे, तिच्या कचेरीत कर्णा बिघडला की त्याला बोलावतात, तिथली आमची ओळख. (भाषण बिघडलं तर बोलवायला कोणी नाही.) त्याने कुर्ल्याच्या भंगारातून लष्कराने मोडीत काढलेली एक जीप उचलली आणि चौदा महिने बीडीडी चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत बसून एकट्याने ती उभी केली. ती चालते. पण रस्त्यावर आणता येत नाही. तिला नंबर नाही, पुस्तक नाही, म्हणजे सरकारच्या लेखी ती गाडीच नाही. पास झाली तर बंद पडलेल्या लॉऱ्या ओढून आणायचा धंदा, आणि स्वतःचं गॅरेज.

"अर्ज इंग्रजीत लागतो, गुरुजी."

"संस्कृतात लागला असता तरी लिहिला असता."

चूर्ण आलं. थांबतो.

मंगळवार, ८ जानेवारी

कचेरीतून दोनला सटकून वरळीला गेलो. जीप पाहिली. देहयष्टी अष्टावक्राची, पण आवाज खणखणीत. मोटार खात्याची यादी मी मोठ्याने वाचत होतो आणि दौलत एकेक बोट मुडपत होता. लष्करी रंग चालणार नाही. भोंगा पाहिजे. मागे लाल दिवा, आणि नंबराच्या पाटीवर पडेल असा पांढरा दिवा पाहिजे. आरसा पाहिजे. आणि स्टिअरिंग डाव्या बाजूला असल्यामुळे उजवीकडे वळायचा इशारा देणारं एखादं यंत्र पाहिजे, कारण ड्रायव्हरचा हात तिकडे पोचत नाही.

"म्हणजे डोंगर चढायची, नदीतून जायची, ते सगळं माफ," दौलत म्हणाला. "लालबागच्या नाक्यावर वळायचं तेवढं शिकवायचं तिला."

कुर्ल्याच्या भंगारवाल्याने दिलेल्या पावतीवर विकत घेणाऱ्याचं नाव नाही, नुसतं 'आणणाऱ्यास', म्हणजे पावती ज्याच्या हाती तो मालक. अर्जावरची मालकाची जागा मी कोरी ठेवली. दौलतला ती स्वतःच्या हाताने भरायची आहे. सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूवर त्याने इंग्रजी सहीचा सराव चालवला आहे. डी झोकदार येतो, पुढे आर अडखळतो.

त्याच्या आईने, जाईबाईंनी, चहा दिला. डिसेंबरात मायलेकांनी दादर चौपाटीला दीक्षा घेतली. कोनाड्यातले देव गेले आणि तिथे बाबासाहेबांची तसबीर आली आहे. चहा संपल्यावर मी मुद्दाम मोठ्या आवाजात म्हटलं, "जाईबाई, अजून अर्धा कप द्या बुवा." तहान नव्हती. आजूबाजूच्या खोल्यांत ऐकू जावं अशी इच्छा होती. परतताना हे लक्षात आलं. समतेवर तीन लेख लिहिलेला माणूस दुसरा कप पिऊन चौथा लिहू पाहत होता.

शनिवार, १२ जानेवारी

रंगाचा प्रश्न समितीत गेला. जाऊ नये तिथे प्रश्न नेण्याची आपल्याकडे परंपरा आहे. निवडणुकीच्या प्रचाराला जीप आठ दिवस देईन असं दौलत भोळेपणाने बोलून गेला होता, त्यामुळे सगळ्यांना तिच्या रंगाबद्दल मत फुटलं. लाल बावट्यावाल्यांनी लाल सुचवला. बाबासाहेबांच्या फेडरेशनचे म्हणाले निळा, त्यात चर्चा कसली. एका वयस्कर गृहस्थांनी भगव्याचा इतिहास सांगायला घेतला. अखंड महाराष्ट्रावर एकमत असलेली ती सगळी मंडळी सात हात लांबीच्या जीपवर तासभर भांडली.

दौलत कोपऱ्यात बॅटरीत पाणी घालत होता. शेवटी म्हणाला, "रंग आणलाय मी. मिलच्या संडासांची दारं रंगवून उरलेला. पिस्ता."

ठराव बिनविरोध संमत.

गुरुवार, १७ जानेवारी

इशाऱ्याचं यंत्र तयार झालं. वनस्पती तुपाच्या डब्याचा पत्रा कापून दौलतने खराखुरा हात बनवला आहे, मनगटापासून बोटांपर्यंत. तो उजव्या बाजूला बिजागरीवर बसतो. डावीकडून ड्रायव्हरने सुतळी ओढली की आडवा बाहेर येतो, सोडली की पडतो. बोटांची आकृती मी काढून दिली होती. ती जरा अभयमुद्रेसारखी आली.

"गुरुजी, हा वळायला सांगतोय का आशीर्वाद देतोय?"

"दोन्ही. तू वळ, मागच्याला अभय."

जाईबाई हसून हसून खाली बसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "कागद आला की आदी मला दावायचा हां. वाचता येत न्हाई, पर माज्या लेकाचं नाव सरकारच्या वहीत कसं दिसतं ते बगायचंय."

बुधवार, २३ जानेवारी

जीप पास झाली.

हे वाक्य लिहून मी बराच वेळ थांबलो. आता जसं झालं तसं लिहितो.

तात्पुरत्या परवानगीच्या चिठ्ठीवर सकाळी मोटार खात्याकडे निघालो. दौलत डावीकडे चाकावर, मी उजवीकडे. उजवीकडे बसलेला तोच ड्रायव्हर अशी आपल्या लोकांची ठाम समजूत, त्यामुळे परळच्या नाक्यावर हवालदार मला ओरडला, "ओ धोतरवाले, हात कोण दाखवणार?" माझ्यापुढे चाक नाही, काही नाही. दौलतने सुतळी ओढली आणि माझ्या शेजारून पत्र्याचा हात बाहेर आला. हवालदार हसला, आम्ही हसलो. मी आज शेवटचा तिथे हसलो.

इन्स्पेक्टर पन्नाशीचे, सभ्य गृहस्थ. माझं नाव विचारलं. "आठल्ये," मी म्हटलं. "म्हणजे राजापुराकडचे?" "अगदी शेजारचे." मग त्यांच्या मावशीचं सासर निघालं, आमचं कुलदैवत निघालं. खुर्ची आली. मी बसलो. दौलतसाठी खुर्ची आली नाही आणि मला तेव्हा ते दिसलं नाही. दिसलं असतं तर मी काय केलं असतं ते लिहीत नाही, कारण मला ठाऊक नाही.

त्यांनी भोंगा वाजवून पाहिला, दिवे पाहिले, सांगाड्यावरचा नंबर ताडून पाहिला. मग अर्ज हातात घेतला आणि कोऱ्या जागेवर पेन्सिल ठेवून सहज विचारलं, "गाडी तुमचीच ना? आणि हा तुमचा पगारी ड्रायव्हर?"

मी म्हटलं, "होय."

दौलत तीन हातांवर मागचा दिवा फडक्याने पुसत होता. त्याचं पुसणं थांबलं नाही.

"हात दाखवा," इन्स्पेक्टर म्हणाले. दौलत वळसा घालून गेला, सुतळी ओढली, पत्र्याचा हात आडवा झाला. "छान केलाय." त्यांनी अर्ज माझ्याकडे सरकवला. मी त्या कोऱ्या जागेत माझं नाव लिहिलं आणि गिरगावचा पत्ता. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

परतताना परळ आलं तेव्हा मी म्हटलं, "वरळीच्या पत्त्यावर त्यांनी खोडा घातला असता, दौलत. जागेचा पुरावा, हे, ते. महिने गेले असते. नंतर नाव बदलून घेऊ." तो म्हणाला, "पास झाली ना. झालं तर." त्याचा आवाज नेहमीचाच होता, तेव्हा त्याला पटलं असावं.

रविवार, २७ जानेवारी

आज अर्ध्या पानाबद्दल तक्रार नाही.

दौलत परळला भेटला. "काय मालक?" म्हणाला. मी हसलो. त्याची विनोदबुद्धी शाबूत आहे हे पाहून बरं वाटलं. दिवसभरात चार वेळा 'मालक' म्हणाला, 'गुरुजी' एकदाही नाही.

शुक्रवार, १ फेब्रुवारी

आमचे संपादक अण्णा यांना कुठूनसं कळलं. सगळ्या कचेरीदेखत म्हणाले, "गंगाधरपंत, जीप घेतलीत म्हणे! आमचा बातमीदार आता युद्ध-वार्ताहर झाला!" टाळ्या वगैरे. 'ती माझी नव्हे' हे तीन शब्द आहेत. मी त्यांतला एकही उच्चारला नाही. उलट म्हटलं, "छे हो, जुनी, लष्करी मोडीतली, डिस्पोजलची आहे." ज्याची वस्तू तोच तिला नावं ठेवतो. म्हणजे विनयातूनही मी मालकीच सिद्ध केली.

संध्याकाळी दौलत जीप घेऊन गिरगावात आला. "वहिनींना दादरला सोडतो, मालक, लॉरी बघायला तिकडेच चाललोय." कालिंदीला बहिणीकडे जायचं होतं. चाळीतले लोक गॅलरीत उभे राहिले. मी हात हलवला. कशासाठी हलवला?

रात्री कालिंदी म्हणाली, "तो तुम्हांला मालक का म्हणतो?" मी सगळं सांगितलं, जागेचा पुरावा, राजापूर, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पगारी ड्रायव्हर. बरं. पगार किती देता?"

मी म्हटलं, हा विनोदाचा विषय नाही. ती म्हणाली, "मी कुठे हसले?"

मंगळवार, ५ फेब्रुवारी

गाडीचं पुस्तक घ्यायला मोटार खात्यात गेलो. राजाराम नावाचा कारकून खिडकीवर होता, तोंडात पान, पण माणूस कामाचा. मी आडून आडून विचारलं, समजा एखाद्याचा पत्ता बीडीडी चाळीतला असेल, तर नोंदणीला किती अडचण येते?

"अडचण कसली? त्या चाळी सरकारनेच बांधल्यात. भाड्याची चिठ्ठी आणायची, झालं. तुमच्या गिरगावातल्या घरमालकाच्या पावतीपेक्षा ती पक्की. मागच्याच महिन्यात तिथल्या एकाची टॅक्सी केली आम्ही. का हो?"

"सहज."

म्हणजे अडचण तिथे नव्हतीच. मी दोन आठवडे जिच्या आडोशाला बसलो होतो ती भिंत नव्हतीच. इन्स्पेक्टरांनी एक प्रश्न विचारला होता. "नाही, गाडी यांची" असं म्हटलं असतं तर त्यांनी दौलतला पेन्सिलीने जागा दाखवून "इथे सही करा" म्हटलं असतं, आणि त्याचा आर त्या दिवशी कदाचित सरळही आला असता.

नाव बदलायचा फॉर्म घेतला. घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

सोमवार, ११ फेब्रुवारी

फॉर्म खिशात. निवडणुकीची गर्दी, रोज तीन सभा. मला वेळ मिळाला नाही. (दुपारी दीड तास उपाहारगृहात बसून मी एका मित्राला मेघांच्या गर्जनेला असलेले संस्कृत प्रतिशब्द सांगितले.)

गुरुवार, १४ फेब्रुवारी

हे लिहिलं नाही तर ही वही ठेवण्यात अर्थ नाही.

आज ठरवून वरळीला गेलो. एका खिशात फॉर्म, दुसऱ्यात गाडीचं पुस्तक. दौलत कामावरून यायचा होता. जाईबाई दारातच होत्या, शेजारच्या दोघी गहू पाखडत बसल्या होत्या. खिशातून डोकावणारं निळं पुस्तक म्हातारीला दिसलं.

"आलं? त्योच का कागूद? येवढं दिस झालं, दौलत म्हनतो येईल, येईल." त्यांनी हात पदराला पुसले आणि पुस्तक हातात घेतलं. उलटसुलट करून पाहिलं. उघडून माझ्यापुढे धरलं. "वाचून दावा. कुटं हाय त्याचं नाव?"

पानावर माझं नाव होतं. टंकलेखन यंत्राने छापलेलं, सुबक, मधोमध.

सांगता आलं असतं. दोन बायका बघत होत्या, म्हातारी बघत होती. मी त्या ओळीवर बोट ठेवलं, माझ्याच नावावर, आणि वाचलं: "दौलत... जिवाजी... रणपिसे. बीडीडी चाळ, वरळी."

जाईबाईंनी माझं बोट अलगद बाजूला केलं आणि त्या अक्षरांवरून स्वतःचं बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा. "केवडं लांबलचक दिसतंय गं," शेजारणीला म्हणाल्या.

मागून कोणीतरी म्हणालं, "छान वाचता, मालक."

दौलत जिन्याच्या तोंडाशी उभा होता. केव्हापासून, माहीत नाही. त्याला इंग्रजी अक्षरं येतात. त्याने आईच्या हातून पुस्तक घेतलं, उघडलं नाही, मिटून मला परत दिलं. "असू द्या तुमच्याकडेच. इथे पोरं फाडतील." मग आईला म्हणाला, "चहा टाक. मालकांना दोन कप लागतात."

मी खिशातला फॉर्म काढायला हात घातला. तो हळूच म्हणाला, "आईसमोर नको."

शनिवार, १६ फेब्रुवारी

लालबागच्या गॅरेजात जाऊन त्याला गाठलं. तो एका लॉरीखाली होता. मी वाकून, अगदी जमिनीशी तोंड नेऊन, जे म्हणायचं होतं ते म्हटलं. चुकलो, म्हटलं. खाली पाना फिरत राहिला.

"दौलत, तू काही बोलत नाहीस."

"काय बोलू, गंगाधरराव?" हे नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं. "लष्करात माझ्या हातच्या गाड्या दुसऱ्याच्या नावावरच धावल्या. त्याचं काही वाटलं नाही, त्या सरकारच्या होत्या. ही माझी होती." थोड्या वेळाने म्हणाला, "तुम्ही नाही म्हणाला असता ना, तर त्यांनी मला विचारलं असतं. मी तयारीत होतो."

मग बाहेर येऊन, हात पुसत, नेहमीच्या आवाजात: "पाटी रंगवायला टाकलीय गॅरेजची. पुस्तकावर नाव आलं की लावीन. कधी चलायचं?"

मंगळवारी, ठरलं.

सोमवार, १८ फेब्रुवारी

आज राजाराम कारकुनाला भेटून आलो. फॉर्मवर एक रकाना आहे: मालकी कशाने बदलली. विक्री, वारसा, बक्षीस. पहिल्यापासून त्याचीच होती, याला रकाना नाही. राजाराम म्हणाला, "बक्षीस लिहा. पाच मिनिटांचं काम. गाडी ड्रायव्हरला बक्षीस दिली, लोक नाव काढतील तुमचं."

मी विचारलं, आणि खरं लिहून द्यायचं असेल तर? पान थुंकून तो गंभीर झाला. "मग पहिल्या वेळी खोटं सांगितलं असं लेखी द्या. साहेब बोलावतील. दंड होईल. वर्तमानपत्रात आहात, तिकडेही कळेल." मी विचारलं, दौलतला त्याचा काही त्रास? "त्याला काय त्रास? गाडी पास आहे. त्रास तुम्हांला."

दोन्ही कागद तयार करून टेबलावर ठेवले आहेत. कालिंदीने दोन्ही वाचले आणि ती झोपायला गेली. दौलत उद्या साडेदहाला घ्यायला येईल. तो म्हणाला आहे, कुठलाही लिहा, काम होऊ दे.

दंडाची मला भीती नाही, भरीन. अण्णा काय म्हणतील याची थोडी आहे, तीही सोसेन. खरी भीती निराळी आहे आणि ती कोणाला सांगण्यासारखी नाही. राजाराम 'बक्षीस' म्हणाला तेव्हा मला शरम वाटायला हवी होती. मला बरं वाटलं. आताही तो बक्षिसाचा कागद वर आहे आणि दुसरा खाली, आणि तो तसा मीच ठेवला आहे.